पंचाहत्तर रुपयांचा संसार

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरातील माळा रिकामा करण्याचा प्रसंग आला. प्रसंग म्हणावयाचे कारण असे की, गेल्या वीस वर्षांत त्या माळ्यावर काय काय चढत गेले याचा घरातील कोणासच नीट अंदाज नव्हता. एका दिवसाचे म्हणून काढलेले काम तीन दिवस पुरले. न चालणारे दोन मिक्सर, एकदाच वापरलेले रस काढण्याचे यंत्र, ज्यांचे मोबाइल केव्हाच नाहीसे झाले असे सात चार्जर, कोणाच्या तरी मुंजीत आहेर म्हणून आलेले आणि खोक्यातून कधीच बाहेर न निघालेले स्टीलचे डबे. आणि या सर्वांवर कडी म्हणजे थोडक्या वस्तूंत सुखाने कसे राहावे हे शिकविणारी तीन पुस्तके. तिन्ही कोरी करकरीत होती. आमच्या कन्येने ती खाली आणून आमच्या पुढ्यात ठेवली आणि काहीएक न बोलता ती पुन्हा शिडीवर चढली.

साधेपणा हीसुद्धा आता बाजारात जाऊन विकत आणावयाची वस्तू झाली आहे. तिचे वर्ग निघतात, तिच्यासाठी खास रंगाचे कपडे व खास लाकडाची भांडी मिळतात, आणि ती हप्त्याने घेण्याचीही सोय असते. याबद्दल कोणास हसण्याचा आमचा अधिकार नाही, हे वरील पुस्तकांवरून वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तथापि त्या तीन दिवसांत आमच्या मनात एक प्रश्न घोळू लागला, तो असा की, साधे राहावे हे ज्यांना नुसते वाटले नाही, तर ज्यांनी तसा आकडा घालून करार केला आणि बायकामुलांसह तो पाळण्याचा यत्न केला, असे लोक आपल्याकडे कोणी होऊन गेले काय? साधू, संन्यासी, फकीर यांची गोष्ट वेगळी. त्यांनी संसारच टाकलेला असतो. शिकलेला, नोकरी करू शकणारा, घरी म्हातारी आई आणि लग्नाची बहीण असलेला असा मध्यमवर्गीय गृहस्थ आम्हांस हवा होता.

तो शोधण्यास फार लांब जावे लागले नाही. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत असा प्रयोग झाला, आणि त्यावरून जे भांडण झाले ते महाराष्ट्राच्या इतिहासात सर्वांस ठाऊक आहे. मात्र ते आपण टिळक-आगरकरांचा वाद म्हणून वाचतो. राजकारण आधी की समाजसुधारणा आधी, एवढ्याच प्रश्नावर येऊन थांबतो. त्याच वादाच्या पोटात दुसरा एक वाद होता, तो पैशाचा. माणसाला पुरेसे म्हणजे किती, आणि ते कोणी ठरवावयाचे, हा तो प्रश्न. आमच्या मते तो पहिल्या प्रश्नाइतकाच जुना आणि पहिल्यापेक्षा अधिक घरगुती आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये टिळक व नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढल्या वर्षी आगरकर एम. ए. होऊन त्यांना मिळाले. वामन शिवराम आपटे आले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. १८८२ मध्ये चिपळूणकर वारले, आणि त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. हा क्रम शाळकरी मुलासही पाठ असतो. ज्या अटीवर हा सारा डोलारा उभा होता ती मात्र तितकीशी कोणी सांगत नाही. संस्थेचे आजीव सभासद म्हणून जे येतील त्यांनी वीस वर्षे संस्थेतच काम करावयाचे, आणि संसार चालेल एवढेच वेतन घ्यावयाचे, ही ती अट. कॉलेज चालू झाल्यावर हे वेतन दरमहा पंचाहत्तर रुपयांवर येऊन ठरले, आणि 'पंचाहत्तर रुपये' हा शब्दच पुढे त्यागाचा पर्याय होऊन बसला. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परत येऊन त्याच पंचाहत्तर रुपयांवर रुजू झाले, तेव्हा ती गोष्ट घरोघर कौतुकाने सांगितली गेली.

आता हे पंचाहत्तर रुपये म्हणजे किती, याचा थोडा विचार केला पाहिजे. कारण त्याग मोजताना आपण बहुधा वरच्या बाजूकडे पाहतो. सरकारी कॉलेजातील युरोपियन प्राध्यापकाच्या पगाराची सुरुवात पाचशेच्या घरात होत असे. त्याच्या शेजारी पंचाहत्तर ठेवले तर डोळे पाणावतात. परंतु गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घरचा हिशेब त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्या पंधरांतील आठ रुपये ते कोल्हापुरास शिकत असलेल्या गोपाळास पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर चालत असे. गोखल्यांनी पुढे पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करण्याचे कबूल केले तेव्हा जगाच्या दृष्टीने तो त्याग होता. त्यांच्या भावाच्या दृष्टीने ते पाच पगार एकदम घरात येणे होते. शेतमजुराच्या कमाईशी ताडून पाहिले तर बोलावयासच नको. गोखल्यांची गोष्ट आम्ही त्यांना कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. त्यांना वकिलीचा मार्ग मोकळा होता आणि घरच्यांची आशाही तीच होती. तो मार्ग त्यांनी सोडला हे खरेच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, साधेपणा हा नेहमी कोणाच्या तरी शेजारी उभा करून मोजला जातो, आणि शेजारी कोणास उभे करावयाचे हे आपण आपल्या सोयीने ठरवितो.

आगरकरांना तर दारिद्र्य आणि साधेपणा यांतील फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कॉलेजात असताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालावा आणि सकाळी पुन्हा अंगात चढवावा, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्याने हे भोगले आहे तो एम. ए. झाल्यावर सुखाच्या नोकरीकडे धावला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की मोठ्या पगाराची आशा तिने ठेवू नये, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ लोकहितासाठी घालविणार आहोत. हे पत्र आपल्याकडे वारंवार छापले जाते आणि ते छापण्यासारखे आहेच. पण ते वाचताना आम्हांस दर वेळी टेंभूच्या त्या माउलीची आठवण येते. पोरगा शिकावा म्हणून तिने दिवस काढले असतील. तो शिकला, आणि शिकून त्याने असे कळविले. तिने काय उत्तर दिले असेल?

भांडणाला सुरुवात झाली ती कॉलेज निघाल्यावर लवकरच. संस्था स्थिर होत होती, विद्यार्थी वाढत होते, आणि पहिल्या उमेदीत जे वेतन पुरेसे वाटले होते ते मुलेबाळे झाल्यावर अपुरे पडू लागले होते. वेतनात थोडी वाढ करावी असा विचार पुढे आला. टिळकांचा त्याला विरोध होता. त्यांच्या मनापुढे आदर्श होता तो जेझुइट पाद्र्यांचा. पुढे डिसेंबर १८९० मध्ये राजीनाम्याच्या वेळी त्यांनी जे लांबलचक निवेदन लिहिले त्यात हेच तत्त्व मुख्य धरले आहे. त्याचा मथितार्थ असा की, संस्थेच्या सेवकाने निर्वाहापुरते घ्यावे, सर्वांनी सारखे घ्यावे, आणि त्याउपर त्याचा जो वेळ व जी कमाई असेल ती संस्थेची समजावी; बाहेरची कामे करून कोणी स्वतःची प्राप्ती किंवा कीर्ती वाढवू लागला तर मूळ करारच मोडला. कोणाच्या घरी खरोखरीची अडचण आली तर तिच्यापुरते साहाय्य करावे, पण वेतनाची रेषा हलवू नये.

हे तर्कशास्त्र बिनतोड आहे. टिळक गणिताचे अध्यापक होते हे ते वाचताना विसरता येत नाही. एकदा रेषा हलली की ती कोठे थांबेल याला काही धरबंध राहत नाही, हे त्यांनी अगदी बरोबर ओळखले होते. आपल्या संसाराचा अनुभव आपणा सर्वांस हेच सांगतो. एका खोलीचे घर दोन खोल्यांचे होते तेव्हा आपण म्हणतो, आता बस्स. आणि तिसऱ्या खोलीच्या हप्त्याचा हिशेब त्याच रात्री मनात सुरू होतो.

परंतु जेझुइटांचा दाखला देताना टिळकांनी एक गोष्ट बाजूस ठेवली. जेझुइट ब्रह्मचारी असतो. त्याला बायको नाही, मुले नाहीत, बहिणीच्या लग्नाची काळजी नाही, आईचे श्राद्ध नाही. त्याचे दुखणे-बहाणे संघ पाहतो आणि तो मेला म्हणजे मागे कोणी उघड्यावर पडत नाही. आगरकरांना लहानपणापासून दम्याने पछाडलेले होते. आपण फार वर्षे काढणार नाही हे त्यांना कळत होते, आणि मागे यशोदाबाई व मुले राहणार हेही कळत होते. अशा माणसाला सारखेपणाचा नियम सारखा पडत नाही. निरोगी माणसाचे पंचाहत्तर आणि दमेकऱ्याचे पंचाहत्तर यांत अंतर आहे. गरज पडेल त्याला साहाय्य द्यावे, हा टिळकांचा तोडगा कागदावर उदार दिसतो खरा. पण ज्याला दर खेपेस सहकाऱ्यांपुढे जाऊन आपली गरज सिद्ध करावी लागते त्याच्या मनाचे काय होत असेल याची कल्पना अभिमानी माणसाला सहज करता येईल. आगरकर अभिमानी होते. हात पसरण्यापेक्षा वेतन वाढवून मागणे त्यांना अधिक स्वच्छ वाटले असावे, असे आम्हांस वाटते.

१८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढले आणि तरुण गोखले त्यांच्या जोडीला बसले. आपटे कोशाच्या कामात गढलेले होते. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी गोखल्यांनी सार्वजनिक सभेच्या चिटणिसाचे काम पत्करले, आणि टिळकांच्या दृष्टीने ही शेवटची काडी ठरली. सभेचे काम वाईट होते असे त्यांचे म्हणणे नव्हते. ते बाहेरचे होते एवढाच त्यांचा आक्षेप होता. वाटाघाटी झाल्या, शब्दाला शब्द वाढला, आणि ज्यांनी दहा वर्षांपूर्वी संस्थेचा पाया घातला त्यांतील प्रमुख पुरुष बाहेर पडला. पुढे टिळकांनी कायद्याचा वर्ग काढून चरितार्थ चालविला.

वादात मतभेदांची, स्वभावांची, मानापमानाची सरमिसळ होती हे आम्ही नाकारीत नाही. केवळ पैशावरून तो झाला असे म्हणणाऱ्याने दोघांनाही ओळखले नाही असेच म्हणावे लागेल. पण आम्हांस नवल वाटते ते याचे की, सरकारी नोकरी लाथाडून आलेली, तुरुंगात एकत्र राहिलेली माणसे साधेपणाने जोडली गेली होती आणि साधेपणाच्याच मापावरून दूर झाली. जो एकटा साधे राहतो त्याला हे संकट नसते. त्याला माप कोणास दाखवावे लागत नाही.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माळा रिकामा झाल्यावर, आरंभशूरत्वाच्या भरात, आम्हीही एक आकडा ठरविला. महिन्याच्या पहिल्या तारखेस अमुक रक्कम बाजूस काढावी, महिना त्यातच भागवावा, उरेल ते गावाकडील एका वाचनालयास पाठवावे, असा बेत होता. जमाखर्चाची वही आणली. ती नवी आणावी लागली ही गोष्ट जाऊ द्या. पंधरा दिवस आम्ही मोठ्या समाधानात होतो. सोळाव्या दिवशी सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "आकडा ठरवताना मला विचारलं होतं का कोणी? भाजी मी आणते, गॅस मी मागवते, कामाच्या मावशींचा पगार मी देते. तुमचा साधेपणा बरोबर माझ्या हातून जातो आहे." आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या महिन्यात आम्ही सोडलेल्या गोष्टी मोजल्या तर त्या दोन होत्या, वर्तमानपत्रांपैकी एक आणि बाहेरचा चहा. त्यांनी सोडलेल्या गोष्टींची यादी आम्ही कधी केलीच नव्हती.

त्या प्रश्नानंतर आम्ही तो जुना इतिहास पुन्हा उघडला तेव्हा त्यात नेमकी हीच जागा मोकळी दिसली. आजीव सभासदांच्या सभा, ठराव, निवेदने, राजीनामे सर्व काही आहे. पंचाहत्तर रुपयांत घर ज्यांनी प्रत्यक्ष चालविले त्यांचे मत त्यात कोठेच नाही. करारावर सही एकाची आणि तो पाळावयाचा दोघांनी. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी. आपल्या अंत्यविधीसाठी थोडे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, अशी आठवण सांगितली जाते. कोणाचे ओझे होऊ नये म्हणून मरणाचाही जमाखर्च आधी लिहून ठेवणारा हा माणूस. त्याचे नाव घेताना आजही मान लवते. परंतु त्या पुरचुंडीतील रुपये ज्या महिन्याच्या खर्चातून बाजूस निघाले तो महिना यशोदाबाईंनी कसा भागविला असेल, हेही मनात आल्यावाचून राहत नाही.

घरातील बाजू जिने लिहून ठेवली अशी एक बाई सुदैवाने त्याच मंडळात निघाली. टिळक गेल्यावर कॉलेजात गणित शिकविण्यास माणूस हवा होता. गोखल्यांनी आपले जुने सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांस बोलाविले, आणि १८९१ मध्ये कर्वे मुंबईच्या दोन-तीन शाळांतील शिकवण्या सोडून पुण्यास आले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी शारदा सदनातील विद्यार्थिनी, बालविधवा गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या पुढे आनंदीबाई, आणि सर्वांच्या बाया. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास एका झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात शिकवावे, सायंकाळी गावाबाहेरचा तो तीन-चार मैलांचा रस्ता, पावसाळ्यात चिखल तुडवीत, कधी सामानाचे ओझे खांद्यावर घेऊन, पायी जावा, तेथे मुलींना शिकवावे आणि परत यावे, असा त्यांचा क्रम होता. मुरूडहून साताऱ्यास परीक्षेसाठी घाट ओलांडून पायी गेलेल्या आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेस न बसताच परत आलेल्या माणसाला हे चालणे जड वाटले नसावे. कर्व्यांचा साधेपणा निर्विवाद आहे. १०४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी तो एक दिवसही मिरविला नाही, आणि १९५८ मध्ये भारतरत्न मिळाल्यावरही त्यात काही फरक पडला नाही.

तरीही बायांचे 'माझे पुराण' हे १९४४ मध्ये निघालेले आत्मचरित्र वाचले म्हणजे त्या चालण्याची दुसरी बाजू दिसते. पतीची मिळकत आणि पतीचा वेळ दोन्ही संस्थेकडे वाहत होती, आणि मुलांचे खाणेपिणे, शिक्षण, आल्यागेल्याचे करणे ही जबाबदारी यांच्या माथी होती. त्यातून पुनर्विवाहामुळे लोकांचा बहिष्कार. बाया काही रडूबाई नव्हत्या. त्यांनी स्वतः खटपटी करून घर सावरले, संस्थेसाठीही फिरल्या, पण जे दुखले ते दुखले असे लिहिले. आम्हांस हे पुस्तक कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'शेजारी ठेवून वाचावेसे वाटते, आणि आपल्या वाचकांनीही तसे वाचून पाहावे. एकाच घरातील एकाच साधेपणाचे दोन हिशेब आहेत. दोन्ही खरे आहेत, आणि बेरीज मात्र जुळत नाही.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचा मार्ग आणखी निराळा. त्याही विधवा. त्या आश्रमात शिकल्या, तेथेच काम करू लागल्या, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या आणि १९१८ मध्ये इंग्रजी शिकण्याच्या उद्देशाने अमेरिकेस गेल्या; तेथे परक्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले. १९०८ मध्ये कर्व्यांनी संस्थेच्या सेवक-सेविकांसाठी निष्काम कर्ममठ स्थापन केला, तेव्हा वाहून घेण्याची शपथ स्त्रियांनीही घेतली. हा फरक लहान नाही. येथे स्त्रीने स्वतःच्या नावाने करार केला होता; दुसऱ्याच्या सहीखाली ती राबत नव्हती.

पण आपण गोखल्यांना १८९० मध्ये सोडून आलो, त्यांच्याकडे परत गेले पाहिजे. ज्यांच्या बाहेरच्या कामावरून टिळकांनी संस्था सोडली त्या गोखल्यांनी १९०२ मध्ये आपली सेवेची मुदत पुरी करून अल्प निवृत्तिवेतन पत्करले, आणि १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. त्या समाजात येणाऱ्यास ज्या प्रतिज्ञा कराव्या लागत त्यांत एक अशी होती की, समाज आपल्यासाठी व आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत मी समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळविण्यात आपल्या शक्तीचा कोणताही भाग खर्च करणार नाही. हे वाक्य टिळकांच्या निवेदनात घातले असते तर तेथे ते अगदी चपखल बसले असते. पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्या विरुद्ध बाजूस ते उभे होते तेच तत्त्व गोखल्यांनी आपल्या संस्थेच्या पायात घातले. फरक इतकाच की त्यांनी 'व आपल्या कुटुंबासाठी' हे शब्द त्यात घालण्यास विसर पडू दिला नाही. आगरकरांचे शेवटचे दिवस त्यांनी जवळून पाहिले होते. ते शब्द लिहिताना त्यांना कोणाची आठवण झाली असेल हे सांगावयास नको, असे आम्हांस वाटते. तो आमचा तर्क आहे, पण तो सोडण्यास आमचे मन घेत नाही.

मात्र याच गोखल्यांना साधेपणाबद्दल जाब विचारणारा एक पाहुणा भेटावयाचा होता. १९०१ च्या अखेरीस काँग्रेससाठी कलकत्त्यास आलेले मोहनदास गांधी पुढे महिनाभर गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. गोखले तेथे घोड्याच्या गाडीतून फिरत. गांधींना ते खटकले. ट्राम असताना गाडी कशाला, असे त्यांनी सरळ विचारले. गोखल्यांच्या मनास ते लागले. त्यांनी उत्तर दिले त्याचा भाव असा की, कौन्सिलचा भत्ता मी स्वतःच्या सुखासाठी वापरीत नाही. तुम्हांस ट्राममधून मोकळेपणी हिंडता येते याचा मला हेवा वाटतो. मला लोक ओळखतात, म्हणून मला ते साधत नाही. तुमच्या सवयी जितक्या साध्या ठेवता येतील तितक्या ठेवा, पण माझ्यासारख्याला काही खर्च टळत नाही. गांधींनी हा प्रसंग आपल्या आत्मकथेत प्रांजलपणे लिहिला आहे. गोखल्यांच्या उत्तराने त्यांचे समाधान झाले की नाही याची आम्हांस शंका आहे. कारण पुढे गांधींना लोक गोखल्यांहून किती तरी अधिक ओळखू लागले आणि तरी ते तिसऱ्या वर्गानेच प्रवास करीत राहिले. तथापि गोखल्यांची प्रकृती तोळामासा होती आणि कामाचा बोजा अफाट होता हेही खरे. पंचाहत्तर रुपयांच्या वेळी आगरकरांच्या दम्याने जो प्रश्न टाकला होता तोच येथे घोड्याच्या गाडीत बसून आला. दुसऱ्याला किती लागते हे बाहेरून कोणी सांगावे?

दहा वर्षांनी हे दोघे पुन्हा असेच एका लहानशा वस्तूवरून समोरासमोर आले. त्या वेळेपर्यंत गांधींनी आफ्रिकेत आपले कपडे आपण धुण्याची विद्या संपादन केली होती. पहिल्या खेपेस गळपट्टीला खळ जास्त झाली आणि ती कोर्टात गळू लागली, तेव्हा वकील मंडळी हसली. त्यांनी मनावर घेतले नाही. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्यास नकार दिला तेव्हा आरशासमोर उभे राहून त्यांनी ते स्वतःच कापले होते. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्ग येथे त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. गोखल्यांपाशी एक उपरणे होते. ते न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना दिलेले; रानडे १९०१ मध्येच वारले होते. गोखले ते जिवापाड जपत आणि विशेष प्रसंगीच अंगावर घेत. त्या दिवशी काढून पाहतात तो ते चुरगळलेले, आणि परटाकडे धाडण्यास वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करून देतो म्हणून हात पुढे केला.

गोखल्यांनी तो मागे सारला. वकील म्हणून तुमच्यावर माझा भरवसा आहे, परीट म्हणून नाही, बिघडलेच तर? हे कोणाचे आहे ठाऊक आहे ना? आणि मग ते उपरणे आपल्यास कसे मिळाले ती सारी हकीकत त्यांनी पुन्हा सांगितली. गांधींनी हट्ट सोडला नाही. आपल्या कामाची खात्री देऊन त्यांनी ते मागून घेतले आणि नीट इस्त्री करून परत आणून दिले. गोखल्यांनी ते उलटसुलट करून पाहिले असेल. त्यांनी शाबासकी दिली, आणि ते खांद्यावर घेऊन मेजवानीस गेले.